अर्धा इंच कमी

आमच्या कुडाळकडच्या घरामागे एक व्हाळ, म्हणजे ओढा, आहे, तो पुढे कर्ली नदीला मिळतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की त्या रात्री गावात कुणी झोपत नसे. नदीतले मासे अंडी घालायला व्हाळातून वर, थेट भाताच्या मळ्यांत चढायचे. चढणीचे मासे. वडील बत्ती घेऊन पुढे, मी टोपली घेऊन मागे, आणि सकाळी आई खवळे माशांच्या पोटातली गाबोळी, म्हणजे अंडी, वेगळी काढून तव्यावर टाकायची. मासे अंडी घालायच्या आधीच आपण त्यांना खातोय, हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात आला असेल असं वाटत नाही. माझ्या तरी नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या एप्रिलमधला एक शनिवार. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी चॅटफील्ड नावाचा तलाव आहे. १६ जून १९६५ ला प्लम क्रीक आणि साउथ प्लॅट या नद्यांना पूर आला आणि डेन्व्हर शहराची दैना झाली. त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी १९६७ मध्ये इथे धरण बांधायला घेतलं, ते १९७५ ला पुरं झालं. मातीची, जवळजवळ चार किलोमीटर लांबीची भिंत, आणि पाण्याच्या बाजूला तिच्यावर रचलेले मोठमोठे दगड. हे दगड महत्त्वाचे. वसंतात वॉलाय नावाचा मासा अंडी घालायला याच दगडांवर येतो.

बरोबर होते शेजारचे आजोबा आणि आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव. आजोबा मिनेसोटाचे, म्हणजे जिथे वॉलायला राज्याच्या माशाचा मान आहे तिथले. मी कोकणातला, मला मासे काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी पहिल्या वर्षी त्यांच्याबरोबर गेलो होतो आणि तीन वेळा रिकामा परत आलो होतो. त्यामुळे आता ते सांगतील तसं.

साडेचारला निघालो. पार्कचं फाटक पाचला उघडतं, आमच्या पुढे चार गाड्या होत्या. गुरुवारी बर्फ पडून गेलं होतं. डेन्व्हरला एप्रिलमध्ये बर्फ पडलं तर कुणी मान वर करून बघतही नाही, पण दगडांच्या सावलीतल्या फटींत ते अजून साचलेलं होतं आणि मी बुटांची निवड चुकवली होती. आजोबांनी आधी गळ काढलाच नाही. दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला, दोन मिनिटं थांबले, वर ओढला आणि टॉर्चच्या उजेडात वाचला. "पन्नास." फॅरनहाइट, म्हणजे आपले दहा अंश. वॉलायची अंडी घालायची धामधूम साधारण सहा ते दहा अंशांच्या पाण्यात होते. म्हणजे हंगाम सरत आलेला. माद्या गेल्या असतील, नर मात्र रेंगाळत असतील, असं त्यांचं म्हणणं.

अंधारात का जायचं, याचं उत्तर माशाच्या डोळ्यात आहे. वॉलायच्या डोळ्यामागे मांजरासारखा चमकणारा पडदा असतो. संध्याकाळच्या संधिप्रकाशात किंवा पहाटेच्या अंधुक उजेडात त्याला दिसतं, त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. सूर्य वर आला की हा खोल पाण्यात निघून जातो. त्यामुळे मासेमारीचा खरा वेळ म्हणजे जेमतेम तासभर. जर्कबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं प्लास्टिकचं आमिष, समोर खोल पाण्यात नाही, तर भिंतीला समांतर फेकायचं. दोन हलके झटके द्यायचे आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. माझा हात पुन्हापुन्हा ओढायला जायचा आणि आजोबा खोकायचे.

सहाच्या सुमारास दोर जड झाला. झटका वगैरे काही नाही, ओला पंचा अडकल्यासारखं वाटलं. ओढत आणला तर टॉर्चच्या उजेडात दोन डोळे दुधी काचेच्या गोट्यांसारखे चमकले. हातात धरला. पाठ हिरवट सोनेरी, पोट पांढरं, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि पाठीवरचा पर काट्यांचा. पोटाला अंगठा लागला तशी दुधासारखी धार माझ्या मनगटावरून बाहीत गेली. नर, आणि कामावर असलेला नर.

आजोबांनी पट्टी पुढे केली. इथे वॉलाय किमान अठरा इंचाचा असावा लागतो, तरच ठेवता येतो. तोंड पट्टीच्या टोकाला टेकवलं, शेपूट मिटवली. साडेसतरा. मी पुन्हा मोजला. शेपूट जरा ओढून मोजला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, साडेसतराच आहे." पाण्यात धरला, दोनदा कल्ले उघडले-मिटले आणि हातातून सुटून गेला. बाही मात्र दिवसभर वास मारत राहिली.

पंधरा मिनिटांनी आजोबांना मादी लागली. चोवीस इंचांच्या वर होती. नियमानं ठेवता आली असती. त्यांनी तिचं पोट बोटानं हलकेच दाबून मला दाखवलं, रिकाम्या पिशवीसारखं सैल. अंडी टाकून झालेली, शेपटीची कड दगडांना घासून झिजलेली. फोटो नाही, काही नाही, त्यांनी तिला सोडून दिलं आणि थर्मासमधली कॉफी ओतायला घेतली.

या अंड्यांची गोष्ट मी आदल्या वर्षी आमच्या घराजवळच्या चेरी क्रीक तलावावर पाहिली होती. कोलोरॅडोचं वन्यजीव खातं मार्चमध्ये चेरी क्रीक, चॅटफील्ड आणि पुएब्लो या तीन तलावांत रात्री जाळी लावतं. त्या दिवसांत धरणाजवळ रात्रीच्या मासेमारीवर निर्बंध असतात, तेव्हा जाण्याआधी नियमपुस्तिका वाचून जावं. सकाळी जाळी काढतात, नर एका टाकीत, माद्या दुसऱ्या. मग एक जण मादीला काखेत धरून तिच्या पोटावरून हात खाली फिरवतो आणि टोपात पिवळसर अंड्यांची धार पडते, साबुदाणा भिजवल्यावर दिसतो तशी. त्यावर नराचं दूध पिळायचं आणि पक्ष्याच्या पिसानं ढवळायचं. ही अंडी जात्याच चिकट, कारण दगडांवर चिकटून राहायची असतात. टोपात त्यांचा गोळा होऊ नये म्हणून पाण्यात बारीक माती कालवतात. मोठ्या मादीच्या पोटात लाखांवर अंडी निघतात. मासे परत तलावात, अंडी उबवणी केंद्रात आणि पिल्लं राज्यभरच्या तलावांत. मी धक्क्यावर उभा होतो आणि खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर आईचा तवा होता.

ऊन वर आल्यावर आम्ही पश्चिमेच्या काठावर ट्राउटकडे वळलो. ट्राउट सोपे. वसंतात पाणी काठापर्यंत थंड असतं, म्हणून तो काठाजवळ फिरतो. उन्हाळ्यात खोल जातो. शिवाय खातं उबवणीत वाढवलेले दहाएक इंचांचे रेनबो ट्राउट इथे आणून सोडतं. सरकतं शिसं, त्यापुढे हातभर बारीक दोर, लहान गरी आणि तिच्यावर पॉवरबेट या तयार आमिषाची वाटाण्याएवढी गोळी. ही गोळी तरंगते, म्हणून आमिष तळाच्या चिखलात न बुडता वीतभर वर राहतं. गरी टाकायची, रॉड दगडाला टेकवायचा, टोकाकडे बघत बसायचं. याला आमच्याकडे गरवणं म्हणतात, आणि हे मला येतं. सोळा वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही, त्यामुळे चिरंजीवांचा रॉडही कायदेशीर. त्यांना दोन मिळाले, मला एक. माणशी चार ठेवायची मुभा होती, पण दहा वाजता वारा सुटला आणि पर्वताकडून असा बोचरा झोत यायला लागला की आजोबांनी न बोलता खुर्ची मिटली.

वॉलाय मुळात कोलोरॅडोचा नाही. रेनबो ट्राउटही पॅसिफिक किनाऱ्याकडचा. इथला स्वतःचा, राज्याचा मासा म्हणजे ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट, तो या तलावात औषधालाही नाही. तलाव माणसानं केलेला, मासे बाहेरून आणलेले आणि गळ टाकणारा कुडाळचा.

घरी ट्राउटला हळद, मीठ, कोकमाचं आगळ आणि मालवणी मसाला लावून रव्यात तळला. कातडी झकास कुरकुरीत झाली. आत मात्र चव मवाळ, आगळ नसतं तर गुळमुळीतच लागला असता. उबवणीतल्या ट्राउटचं कौतुक लोक करतात तेवढं मला करवत नाही.

रात्री आईला फोन लावला, तिकडे रविवारची सकाळ.

"काय गावला?"

मी सांगितलं. तीन ट्राउट. आणि एक मोठा, पण अर्धा इंच कमी म्हणून सोडला.

"अर्धो इंच? खुळो की काय तू? आणि त्या म्हाताऱ्याक काय गावला?"

मादी, मी म्हणालो, हातभर लांब. पण त्यानंही सोडली.

"गाबोळी होती?"

"नाय गो. टाकून झालेली."

ती जरा वेळ बोलली नाही. मागे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली.

"मगे फुडल्या वर्साक पंदरा दिवस आदी जा."