उगमाकडची भीमा

पंढरपुरी अकरा आषाढी केल्या. परंतु ज्या चंद्रभागेत दर वर्षी उतरलो, तिच्यात इंद्रायणी, मुळा-मुठा आणि नीरा यांचे पाणी मिसळलेले असते आणि मध्ये उजनीचे धरणही असते. निव्वळ भीमा कशी दिसते, हे एकदा पायी जाऊन पाहावे असे या श्रावणात मनाने घेतले.

कर्जत तालुक्यातील खांडसहून गणेश घाटाने आम्ही तिघे चढलो. भीमाशंकराचे दर्शन झाले. कड्याच्या पश्चिमेला ओघळणारा पाऊस कोकणात उतरून थोडक्यात समुद्र गाठतो आणि तोच चार पावले पूर्वेला पडला तर 861 किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळतो, हे पुस्तकातून ठाऊक होते. धुक्यात तिथे उभे राहिल्यावर मात्र मी उगीचच पूर्वेकडे सरकून उभा राहिलो.

देवळापाशी लुप्त झालेली नदी गुप्त भीमाशंकराला पुन्हा प्रकटते, अशी श्रद्धा आहे. तिथून भोरगिरीपर्यंतची वाट दाट रानातून जाते. शेकरू दिसले नाही, फांद्यांत त्याची घरटी तेवढी दिसली. काळ्या कातळावरून उतरणारी नदी काही ठिकाणी एका ढांगेत ओलांडण्याएवढी होती. सोबतच्या एका माउलींनी मोबाईलवर मोठ्याने अभंग लावले होते. वारीत हेच अभंग गाताना माझे डोळे भरून येतात, पण पाण्याचा आवाज ऐकू येईना तेव्हा मी त्यांना नको तितक्या तुसडेपणाने बोललो आणि ते भोरगिरीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

वारीत अठरा-वीस दिवस चालून कधी न आलेला फोड ओल्या बुटांमुळे दुपारी टाचेवर आला आणि उतारावर फुटला. भोरगिरीच्या अलीकडे भातखाचरात इरले पांघरून बेणणी करणाऱ्या एका आजींनी माझी लंगडी चाल बांधावरून पाहिली.

"बूट काढ आदी, बाबा," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला पडवीत बसवले, चुलीवर पाणी कोमट केले, त्यात मीठ टाकून पाय बुडवायला लावला आणि जुन्या लुगड्याचा काठ टरकावून टाचेला बांधला. गाठ सुटू नये म्हणून त्यांनी ती दातांनी ओढली. सोमवारचा उपवास म्हणून मी चहाच तेवढा घेतला. पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. या पाण्यात आम्ही पंढरपूरला स्नान करतो, असे मी सांगितले.

"एवढ्या लांब जातीया व्हय?" त्या म्हणाल्या. "आमी निस्ती नदी म्हणतो. परवा बांध फोडला तिनं."

संध्याकाळी कोटेश्वराच्या देवळाजवळ काठावर बसलो असता अबोला धरलेले माउली शेजारी येऊन बसले आणि त्यांनी हळूच हरिपाठ सुरू केला. मी टाळी धरली. दुसऱ्या दिवशी वाडा गावाच्या पुढे चासकमान धरणाच्या फुगवट्यात नदीचा आवाज थांबला. तिथे चिंधी सोडली, धुतली आणि पिशवीच्या बंदाला वाळत बांधली.