आजीच्या डब्यातील लारी

आजीच्या फडताळातील पितळी डब्यात, तुटलेल्या पैंजणांच्या कड्या आणि फिरकी हरवलेल्या कुड्या यांच्यामध्ये, चांदीच्या दुमडलेल्या तारेचा एक तुकडा होता. डिचोलीतील सोनाराकडे मोड म्हणून द्यायच्या पुरचुंडीत तोही बांधला गेला होता. पण निघण्यापूर्वी सहज उजेडात धरला, तेव्हा त्याच्या चपट्या भागावर फारसी अक्षरे दिसली, आणि तो वितळण्यापासून वाचला.

ती लारी होती, म्हणजे तार दुमडून पाडलेले चांदीचे जुने नाणे. हे नाव इराणमधील लार या शहरावरून पडले. इराणी आखाताच्या तोंडावरील होर्मुझ बंदराच्या व्यापारातून ही नाणी आपल्या किनाऱ्यावर आली. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच प्रवाशानेही त्यांचे वर्णन केले आहे. पुढे विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाने (१६५६ ते १६७२) स्वतःच्या नावाने लाऱ्या पाडल्या. त्या काळी आमचा डिचोलीचा मुलूखही आदिलशाहीशीच बांधलेला होता, त्यामुळे हा तुकडा आमच्या घरात सापडावा याचे मला फारसे नवल वाटले नाही.

नवल वाटले ते घडणीचे. चांदीची तार ओढून तिचा ठरावीक वजनाचा तुकडा कापायचा, तो मधोमध दुमडायचा आणि दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घालायचा, एवढीच ती कृती. ठसा रुंद आणि तार अरुंद, त्यामुळे सुलतानाचे पूर्ण नाव एका लारीवर सहसा मावत नाही. पणजीतील एका जाणत्या संग्राहकांनी मला भिंगाखाली ‘लाम’ (म्हणजे ‘ल’) या फारसी अक्षराचा उभा दांडा दाखवला आणि समजावले की एकावर उमटलेले अक्षर दुसऱ्यावर निसटलेले असते, म्हणून अनेक लाऱ्या शेजारी शेजारी मांडूनच संपूर्ण मजकूर जुळवावा लागतो. मोडीत गेलेल्या प्रत्येक लारीबरोबर त्या मजकुराचा एखादा दुवा नाहीसा होतो, याची मला मनापासून खंत वाटते.

दुमडीजवळ छिन्नीची एक बारीक खाच आहे. वरून चांदी आणि आत तांबे नाही ना, हे पाहण्यासाठी कोण्या सराफाने ती पाडली असावी.

मावशी लारी रिठ्याच्या पाण्यात घासून लखलखीत करून देणार होती. मी तिला थांबवले, कारण खोलगट रेषांत साचलेल्या काळपटपणामुळेच ती अक्षरे डोळ्यांना दिसतात. सोनारशेटनी मात्र तिचे वजन तेवढे करून दिले: ४.७ ग्रॅम.