मुंग्या

मंगळवार, २८ जानेवारी २०२५
धायरी, पुणे

सध्या घरात सगळ्यांचं लक्ष पायांकडे आहे. काल रात्री मांडी घालून भाजी निवडत होते, उठताना डाव्या पायाला मुंग्या आल्या आणि छातीत धस्स झालं. एरवी पाय झटकून कामाला लागले असते. पण सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, सगळी नावं आमच्याच आजूबाजूची. जीबीएस, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे संशयित रुग्ण शंभरावर गेलेत आणि बातमीत रोज आपलाच पत्ता वाचावा लागतो.

आज डॉक्टरांशी बोलले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. अवघडून बसल्यावर येणाऱ्या मुंग्या थोड्या वेळात जातात. जीबीएसमध्ये बहुतेक वेळा दोन्ही पायांतली ताकद कमी होत जाते, जिना चढवत नाही, जमिनीवरून उठवत नाही. तसं वाटलं तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. जुलाब किंवा सर्दी-तापानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, त्यातून हे होतं. एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि बहुतेकजण बरे होतात, वेळ मात्र लागतो. सासूबाईंना हे सगळं सावकाश सांगितलं. शेजारच्या मावशींकडे जायचं त्यांनी बंद केलं होतं, कारण मावशींच्या नात्यातला एक मुलगा ॲडमिट आहे. आज संध्याकाळी त्या डबा घेऊन स्वतःच गेल्या. मला फार बरं वाटलं.

‘घाबरू नका’ एवढंच ऐकून कोणाची भीती गेल्याचं मी पाहिलेलं नाही. काय करायचं ते नेमकं सांगितलं की माणूस सावरतो. पाहणीला आलेल्या ताईंनी आमच्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट केली. छोट्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. लेक डोळे मोठे करून बघत होती. तरीही पाणी खळखळून उकळूनच प्यायचं, चिकन नीट शिजवायचं, उघड्यावरचं खायचं नाही, असं त्या सांगून गेल्या. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडलाय, तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या मांसातून पोटात जातो. आता पाणी उकळणं हे लेकीच्या बाबांचं काम, बाटल्या भरणं लेकीचं. हाताला काम असलं की ती कमी प्रश्न विचारते.

बातम्या आता सकाळी एकदाच बघायच्या, जेवताना टीव्ही बंद. फॅमिली ग्रुपवरचे व्हिडिओ उघडायचे नाहीत, हे मी दादालाही स्पष्ट कळवलं. सासूबाईंची झोप अजून लागत नाहीये. अशीच राहिली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर त्यांच्याशी बोलणं करून देईन. रात्री त्यांच्याजवळच झोपतेय.

उद्या सोसायटीची टाकी धुणार आहेत. पाणी दुपारपर्यंत बंद, म्हणून आजच दोन पातेली जास्तीची उकळून ठेवलीत.