सबस्टेशनचा जुना कॅपॅसिटर घरी आणण्याआधी

कॅपॅसिटर बँकेतून (एकत्र जोडलेल्या कॅपॅसिटरच्या संचातून) काढलेले डबे भंगारात दिसले की हाय व्होल्टेजचा नाद असलेल्याला राहवत नाही. पण हात लावण्याआधी दोन्ही बुशिंग (डब्यावरची इन्सुलेटरमधून बाहेर आलेली टोकं) तारेने शॉर्ट केलेली आहेत ना ते बघा. बुशिंग एकच असेल तर दुसरं टोक म्हणजे तो डबाच. फुगलेला किंवा पाझरणारा डबा नकोच. जुन्या डब्यांत पीसीबीचं (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइलचं) विषारी तेल असे, अमेरिकेत त्यावर 1979 साली बंदी आली. पाटीवर ‘पीसीबी नाही’ असा उल्लेख किंवा बऱ्याच नंतरचं वर्ष नसेल, तर तोही तिथेच राहू द्या.

पाटीवर बहुधा केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह पॉवरचं एकक, 1 केव्हीएआर म्हणजे 1000 व्हीएआर) असतात, मायक्रोफॅरड नसतात. व्हीएआरला 314 (50 हर्ट्झसाठी 2π × 50) गुणिले व्होल्टच्या वर्गाने भागायचं, उत्तर फॅरडमध्ये येतं. 7.3 केव्ही, 200 केव्हीएआर, 50 हर्ट्झचा डबा म्हणजे 12 मायक्रोफॅरड. आता साध्या मल्टिमीटरने मोजा. 9–10 आले तर आतले काही फ्यूज उडालेत. 16 आले तर आनंद मानू नका: डब्याच्या आत सीरिजमध्ये जोडलेल्या चार गटांपैकी एक शॉर्ट झालाय आणि उरलेले तीन सगळा भार सोसतायत. असा डबा चार्ज करायचा नाही.

आतला डिस्चार्ज रेझिस्टर (वीज तोडल्यावर डबा हळूहळू रिकामा करणारा) ओहमवर मोजताना आकडा हळूहळू चढत राहतो, कारण मीटर आधी कॅपॅसिटर भरत असतो. दहा मिनिटं थांबा. या डब्यात तो साधारण 10 मेगओहम किंवा त्याहून कमी हवा. काहीच दिसलं नाही, आकडा वरच जात राहिला, तर रेझिस्टर तुटलाय. बाहेरून नवा लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. चार्जरचा हिशेबही इथेच लागतो: 7.3 केव्हीला हा रेझिस्टर एकटाच 0.73 मिलिअँप खातो. त्याहून कमी देणारा चार्जर तिथवर पोचतच नाही.

7.3 केव्ही हा एसीचा आरएमएस (परिणामी) आकडा, शिखर 10.3. म्हणून डीसीवर 10 केव्ही द्यायचा मोह होतो. देऊ नका. 7.3 केव्हीलाच 320 ज्यूल साठतात, दवाखान्यातल्या डिफिब्रिलेटरचा सर्वांत मोठा झटका 360 ज्यूलच्या आसपास असतो. वापरही जपून निवडावा. हे डबे 50 हर्ट्झच्या 27 अँपिअरसाठी बनलेत. थेट शॉर्ट केले की हजारो अँपिअर धावतात, व्होल्टेज उलटसुलट होतं, आतल्या पट्ट्या सैल होतात, फ्यूज उडतात. टेस्ला कॉइलच्या (ठिणग्या पाडणाऱ्या हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या) प्रायमरीला तर नॅनोफॅरड लागतात, तिथे याचा उपयोग नाही. डीसी सप्लायचा फिल्टर, हे याचं खरं काम.

डिस्चार्जला स्क्रूड्रायव्हर नको. 1 किलोओहम, 50 वॅटचे दहा वायरवाउंड रेझिस्टर एका ओळीत जोडून लांब पीव्हीसी पाइपच्या टोकाला लावा. या ओळीचं दुसरं टोक आधीच अर्थ केलेलं हवं. प्रत्येकावर 730 व्होल्ट येतात, सेकंदाभरात डबा रिकामा होतो. मीटरने खात्री करा, मग जाड तारेने थेट शॉर्ट करा. तार काढली तर डायइलेक्ट्रिकमध्ये (पट्ट्यांमधल्या इन्सुलेशनमध्ये) मुरलेला चार्ज पुन्हा वर येतो, म्हणून कपाटात ठेवतानाही ती तार नट घट्ट आवळून तशीच असू द्या.