उजव्या हाताला ब्रह्मगिरी

सह्याद्रीत पंधरा वर्षे भटकल्यानंतर डोंगर म्हणजे माथा, असा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला होता. कळसूबाईचे १६४६ मीटर, साल्हेरचे १५६७ मीटर असे आकडे मला नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा अधिक पाठ होते. त्यामुळे गेल्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीसाठी त्र्यंबकेश्वरला पोहोचलो तेव्हा मनात थोडी कुरकुर होती. कारण सुमारे वीस किलोमीटरची ही वाट डोंगराला पूर्ण वळसा घालते, पण माथ्याकडे एकदाही जात नाही.

रविवारी रात्री कुशावर्त कुंडावर स्नानासाठी दाटी झाली होती. गोहत्येच्या दोषातून मुक्त होण्यासाठी गौतम ऋषींनी तप करून गंगेला ब्रह्मगिरीवर आणले आणि ती पुन्हापुन्हा गुप्त होऊ लागली तेव्हा कुश गवताचे आवर्तन घालून तिला येथे अडवले, अशी कथा आहे. गार पाण्याने माझे दात वाजत असताना मला मात्र कथेपेक्षा कोरडा टॉवेल जवळचा वाटत होता.

प्रयागतीर्थ मागे पडले आणि पहिने गावाच्या बाजूला लागेपर्यंत पावसाने जोर धरला. पुढे-मागे माणसेच माणसे होती, त्यांतील बरीच अनवाणी, आणि ‘बम बम भोले’चा गजर एका टोकाकडून उठून दुसऱ्या टोकाकडे विरत जाई. मी महागडे ट्रेकिंगचे बूट घालून भराभर पुढे निघालो होतो, जणू कोणाला तरी मागे टाकायचे होते. चिखलाच्या एका उतारावर उजव्या बुटाचा तळवा सुटून जिभेसारखा लोंबू लागला आणि ती घाई तेथेच संपली.

बूट हातात घेऊन मी एका दगडावर बसलो असताना सिन्नरकडच्या एक आजी शेजारी टेकल्या. ही त्यांची कितवी फेरी, हे त्यांनी मोजलेले नव्हते. पदराच्या गाठीतून गूळ-शेंगदाणे काढून माझ्या तळहातावर ठेवत त्या म्हणाल्या, “डोंगर उजव्या हाताला ऱ्हाऊ द्या दादा, वाट चुकत नाई.”

“पण आजी, ढगांत डोंगर दिसतोच कुठे?”

“दिसत नाई म्हून तो कुठं जातो का?”

पुढचे अंतर मी अनवाणी आणि त्यांच्या चालीने चाललो. डोळ्यांना काही दिसत नव्हते, म्हणून असेल कदाचित, पण उजव्या बाजूच्या त्या काळोखाचे वजन मला प्रथमच जाणवू लागले. याच प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने घरच्यांची ताटातूट झाली, लहानगे निवृत्तिनाथ वाट चुकून एका गुहेत शिरले आणि तेथे त्यांना त्यांचे गुरू गहिनीनाथ भेटले, असे परंपरा सांगते. लहानपणी ऐकलेल्या या कथेत मला वाघ तेवढा लक्षात राहिला होता. त्या रात्री मात्र अंधारात एकट्या पडलेल्या मुलाचा विचार मनातून जाईना.

डोंगराच्या पश्चिमेकडे गेल्यावर पायांखालून वाहणाऱ्या पाण्याची दिशा बदलते. पूर्वेकडची गोदावरी १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, तर याच परिसरात उगम पावणारी वैतरणा अरबी समुद्राकडे जाते. ऊर्ध्व वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला पुरवले जाते, म्हणजे माझ्या घरच्या नळालाही या डोंगरावरच्या पावसाचा काही अंश येत असणार. हे मला नकाशावरून ठाऊक होते. परंतु घोट्यापर्यंतच्या त्या गढूळ ओहोळातून चालताना, इतकी वर्षे हे पाणी पीत असूनही त्याच्या डोंगराला केवळ चढण्यापुरतेच ओळखत आलो, याची लाज वाटली.

सापगावच्या बाजूला उजाडले. त्र्यंबकला परतल्यावर मोबाईल पाहिला, तर चढाईच्या रकान्यात मिरवण्यासारखे काही नव्हते. माथा अजूनही ढगांतच होता. मंदिराच्या रांगेत उभे राहण्याचे त्राण नसल्याने आजींबरोबर निवृत्तिनाथांच्या समाधीकडे वळलो. बाहेर चपलांचा ढीग पडला होता. त्यात ठेवण्यासारखे माझ्या पायांत काही नव्हते, आणि हातातला तो फाटका बूट कोणी चोरून नेण्याचा संभव नसल्याने मी तो दारापाशीच ठेवला.