आधी १७८७, मग तुमची खोली

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ४२ मजली ‘कॅथेड्रल ऑफ लर्निंग’मध्ये वेगवेगळ्या देशांच्या आणि संस्कृतींच्या ३१ खोल्या आहेत. नियम कडक. त्या त्या समाजाने समिती नेमायची, पैसे स्वतः उभे करायचे आणि सजावट १७८७ च्या, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनेच्या, आधीच्या काळातली ठेवायची. राजकीय चिन्ह नाही. हयात माणसाची तसबीर नाही. हे कळल्यावर मला मनापासून बरं वाटलं. आपल्याकडे असं काही काढलं तर तसबिरींवरूनच पहिली बैठक मोडेल.

भारताची खोली २००० साली झाली. गुलाबी विटांची, नालंदेच्या चौकावरून बेतलेली. अजिंठा नाही, आपला वाडा नाही, याचं मराठी मनाला थोडं लागतं. पण विद्यापीठात उभं राहून आपण विद्यापीठच दाखवलं, आणि तेही १७८७ ला कालपरवाचं ठरवणारं! फ्रेंचांची खोली मात्र नंतरच्या, नेपोलियनच्या काळातल्या एम्पायर शैलीतली. त्यांना सूट कशासाठी, हे मला अजूनही पटत नाही.

मुख्य म्हणजे यातल्या बहुतेक खोल्यांत खरोखर तास होतात. पोरं नालंदेत बसून टिपणं काढतात.

बाहेर पडलं की चालत कार्नेगी संग्रहालय. वायोमिंगमध्ये १८९९ साली सापडलेला डिप्लोडोकस हा डायनासोर तिथे आहे. त्याच्यासाठी इमारतच वाढवावी लागली. हा पैसा उद्योगपती कार्नेगींच्या पोलादाचा, आणि १८९२ च्या होमस्टेड संपात त्यांच्याच कारखान्याच्या कामगारांचं रक्त सांडलं, तेही विसरायला नको. पुढे फिप्सचं झाडांचं काचघर आणि शेनली पार्क. मेरी शेनली यांनी १८८९ मध्ये शहराला ३०० एकर जमीन दिली, म्हणून आज तास संपल्यावर थेट झाडीत उतरता येतं.

घरचे विचारतात, परत कधी येणार? अभ्यास, ग्रंथालय, संग्रहालय, रान असं सगळं पायी अंतरावर असलेली जागा लगेच सोडवत नाही, एवढंच सांगते. पण पुण्यालाही वेताळ टेकडी आहे, आणि ती कुणा धनिकाच्या दानातून आलेली नाही. बालभारती-पौड रस्त्यासाठी ती फोडू नका म्हणून उभ्या राहिलेल्या पुणेकरांच्या बाजूने मी आहे. इतक्या लांब राहून तुला काय फरक पडतो, असं मामा म्हणतो. मला पडतो.