फुकटचं कार्ड

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, कूलरमध्ये पाणी ओतून झालेलं आणि घरातली पोरं मोबाइल घेऊन फरशीवर आडवी. 'स्ले द स्पायर' अशा दुपारीच खेळावा. मेगा क्रिट या स्टुडिओचा, पत्त्यांनी शत्रूंशी लढत मनोरा चढायचा हा गेम 2019 च्या जानेवारीत पूर्ण होऊन बाहेर पडला आणि 2021 मध्ये अँड्रॉइडवर आला. लाइट जाऊन वायफाय बंद पडलं तरी याचं काही अडत नाही. समोरचा शत्रू तुमची चाल होईपर्यंत गप्प उभा राहतो. मेलात तर मात्र सगळा डेक, म्हणजे जमवलेल्या कार्डांचा गठ्ठा, गेला, पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायला सुरुवात.

लढाई जिंकली की बक्षीस म्हणून तीन कार्डं समोर येतात. एक घ्या, नाहीतर स्किप दाबा. अशा वेळी खांद्यावरून डोकावणारा एखादा चुलतभाऊ असतोच. "फुकट भेटून राहिलं ना भो, घेऊन टाक!" त्याचं ऐकून घेतलेलं कार्ड पुढे नकोसं झालं, तर दुकानात ते काढून टाकायला पहिल्या खेपेला 75 सोनं पडतं, दुसऱ्या खेपेला 100, मग 125. साध्या लढाईत मिळतं 10 ते 20. म्हणजे पाचेक लढायांची कमाई एका फुकटच्या कार्डापायी गेली. सोन्याचा हिशोब जळगावकरांना शिकवायची गरज नाही.

दुसरा हिशोब पत्ते पिसण्याचा. लढाईत दर खेपेला, म्हणजे तुमची चाल आली की, हातात पाच कार्डं येतात आणि ती खेळायला तीन एनर्जी असते. डेक दहाचा असेल तर दोन खेपांत प्रत्येक कार्ड एकदा हाताखालून जातं. तोच तीसचा झाला की त्याला सहा खेपा लागतात, आणि बऱ्याच लढायांचा निकाल चौथ्या-पाचव्या खेपेतच लागून जातो. तुमचं हुकमी कार्ड तोवर ढिगाच्या तळाशी. अपवाद आहे तो स्वतःची जागा स्वतः भरून काढणाऱ्या कार्डांचा. पॉमेल स्ट्राइक 9 डॅमेज करतं आणि वर एक कार्ड ओढून देतं. असली कार्डं कितीही घेतली तरी डेक जड होत नाही.

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. डेक बारीक हवा म्हणून पहिल्या अ‍ॅक्टमध्येच, म्हणजे मनोऱ्याच्या पहिल्या टप्प्यातच, स्किपचा सपाटा लावतात आणि ग्रेमलिन नॉब या एलिट, म्हणजे खास दांडग्या शत्रूच्या हातून मार खातात. आयर्नक्लॅड या योद्ध्याचा सुरुवातीचा डेक म्हणजे पाच स्ट्राइक, चार डिफेंड आणि एक बॅश. या दहा कार्डांना पहिली एलिट लढाई सहसा झेपत नाही. पहिल्या अ‍ॅक्टमध्ये घ्यायचंच, फक्त काय घ्यायचं ते बघायचं.

समजा, दुसऱ्या-तिसऱ्या लढाईनंतर कार्नेज, श्रग इट ऑफ आणि एंट्रेंच अशी तीन समोर आली. एंट्रेंच ब्लॉक, म्हणजे मार अडवणारी ढाल, दुप्पट करतं, त्यामुळे नवख्याचा हात आधी तिकडे जातो. पण त्याला दोन एनर्जी लागते. उरलेल्या एकीत एक डिफेंड, त्याचे 5, दुप्पट करून 10. त्याच तीन एनर्जीत नुसते तीन डिफेंड खेळले असते तर 15 झाले असते! हे कार्ड कामाचं ते एरवी पुढच्या खेपेला उडून जाणारा ब्लॉक टिकवून धरणारं बॅरिकेड हाती आल्यावर, आणि बॅरिकेड येईलच याचा काही भरवसा नाही. श्रग इट ऑफ एका एनर्जीत 8 ब्लॉक आणि वर एक कार्ड देतं. ते कधीच वाया जात नाही. पण नॉब पहिल्या खेपेला गर्जना करतो आणि त्यानंतर तुम्ही खेळलेल्या प्रत्येक स्किलमागे, म्हणजे बचावासारख्या कार्डामागे, त्याची ताकद 2 ने वाढते. श्रग इट ऑफ हे स्किलच. कार्नेज दोन एनर्जीत 20 डॅमेज करतं. आदल्या खेपेला बॅश मारून शत्रूला उघडा पाडून ठेवलं असेल तर दीडपट, म्हणजे 30. नॉबची हेल्थ 82 ते 86, तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून जास्त एका फटक्यात गेली. खोट एवढीच की ज्या खेपेला हाती येतं त्याच खेपेला खेळलं नाही तर ते त्या लढाईपुरतं जळून जातं. बॅश आणि कार्नेज एकदम आले तर चार एनर्जी लागेल, आहेत तीन. अशा वेळी बॅश सोडायचं, कार्नेज मारायचं. एवढं सांभाळता येत असेल तर इथे कार्नेजच घ्यावं. नकाशाच्या टोकाला स्लाइम बॉसचं चित्र असेल तर डोळे झाकून घ्यावं. हा 140 हेल्थचा गोळा निम्म्यावर आला की फुटतो, आणि फुटताना जेवढी हेल्थ शिल्लक असेल तेवढी दोन्ही तुकड्यांना मिळते. 75 वरून एकदम 45 वर आणला तर समोर 45-45 चे दोघे उभे राहतात. स्ट्राइक मारत मारत 69 वर फोडला तर 69-69 चे.

हिवाळ्यात शेतात भरताचा बेत असतो तेव्हा वांगी पऱ्हाट्यांवर भाजतात आणि त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, एवढंच पडतं. गरम मसाला काही वाईट नसतो, घरातल्या डब्यात असतोच. तो भरतात टाकणाऱ्याला मात्र पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही. कॅटलिस्टचं तसंच आहे. सायलेंट या दुसऱ्या पात्राचं हे कार्ड शत्रूच्या अंगातलं विष दुप्पट करतं. आधी डेडली पॉयझनने 5 चढवलेलं असेल तर 10 होतं. विषाचं एकही कार्ड नसताना घेतलं तर शून्याचं दुप्पट. आधी मूळ, मग गुणाकार. उलट क्रमाने जाणारे 'पुढे येईल ना' म्हणत दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये मरतात.

त्या अ‍ॅक्टमध्ये शत्रू टोळीने येतात, म्हणून सगळ्यांना एकदम लागणारं एखादं कार्ड आणि खरीखुरी ढाल लागते. तिसऱ्यात बॉस टाइम ईटर निघाला तर एकूण बारा कार्डं खेळून झाली की तो तुमची खेप तिथेच तोडतो आणि वर आपली ताकद वाढवून घेतो. हलक्या, बिनएनर्जीच्या कार्डांचा पाऊस पाडणाऱ्या डेकची तिथे दैना होते. एवढ्या उशिरा हातातला डेक चालत असेल तर स्किप हेच बहुतेक वेळा बरोबर, समोर सोनेरी पट्टीचं दुर्मिळ कार्ड असलं तरी.

स्किप ज्यांच्याच्याने होत नाही त्यांच्यासाठी गेममध्येच सिंगिंग बोल नावाचं एक रेलिक, म्हणजे कायम सोबत राहणारी वस्तू, आहे. ते हाती असलं की कार्डाऐवजी कमाल हेल्थ 2 ने वाढवून घेता येते. मग हीच मंडळी कामाचं कार्ड समोर असतानाही दोन हेल्थ उचलून खुशीत पुढे निघतात. हा कटोरा पहिल्याच अ‍ॅक्टमध्ये सापडला तर जरा दमाने घ्यावं. नॉबचा साधा फटका 14 चा असतो.